मिठाला रेणू नसतो

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पुरवणीत पदार्थ कसे घडतात या विषयावर पानभर मजकूर प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्राने आठवी-नववीच्या मुलांसाठी रसायनशास्त्राला अख्खे पान द्यावे ही गोष्ट आता दुर्मीळ झाली आहे, त्यामुळे आधी आभार मानतो आणि मग तक्रारीकडे वळतो. त्या पानाच्या मध्यभागी चौकटीत ठळक टाइपात असे वाक्य होते की, अणू एकत्र येऊन रेणू बनतात आणि रेणू एकत्र येऊन जगातील प्रत्येक पदार्थ बनतो. शेजारी सोडिअम आणि क्लोरीन असे दोन हसऱ्या तोंडांचे गोळे हातात हात घालून उभे होते व त्यांच्या पायाशी ‘मिठाचा रेणू’ असे लिहिले होते. बत्तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो. त्या काळात हे वाक्य आणि हे चित्र उत्तरपत्रिकांमध्ये इतक्या वेळा लाल शाईने खोडले आहे की, ते छापील पानावर दिसताच हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला.

मुख्य मुद्द्याआधी शब्दांचा एक घोळ निस्तरणे भाग आहे. त्याच पानावरील दुसऱ्या मजकुरात ‘पाण्याचा अणू’ असा उल्लेख दोनदा आला आहे. तो मजकूर बहुधा हिंदीवरून केलेला असावा, कारण हिंदीत मूलद्रव्याच्या लहानात लहान कणाला परमाणु म्हणतात आणि अशा कणांच्या जोडणीतून तयार झालेल्या घटकाला अणु म्हणतात. मराठीने पहिल्याला अणू आणि दुसऱ्याला रेणू म्हणायचे ठरवले. म्हणूनच हिंदीतला परमाणु बम आपल्याकडे अणुबॉम्ब होतो. दोन्ही भाषांची व्यवस्था आपापल्या घरी चोख आहे, पण एकाच पानावर दोन्ही वापरल्या की ‘अणू’ या शब्दाचा अर्थ वरच्या लेखात एक आणि खालच्या लेखात दुसराच होतो, आणि परीक्षेला बसणारे मूल मधल्या मधे अडकते. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनात दोन परमाणूंचे द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक अशी चढण सांगितली आहे, आणि खिडकीतून आलेल्या कवडशात तरंगणारा धुळीचा कण हा त्र्यणुकाच्या मापाचा मानला आहे. संस्कृतात रेणू म्हणजे मुळात धूळच. शब्द असे जुन्या घराण्याचे असले तरी आज आपण त्यांत जो अर्थ भरतो तो गेल्या दोनशे वर्षांतला आहे, आणि तो भरताना प्रत्येक भाषेने आपली मापे स्वतंत्र ठरवली आहेत, एवढे संपादन करणाऱ्याने लक्षात ठेवले तरी पुरे.

आता मिठाविषयी. स्वयंपाकघरातील मिठाचा एक कण काळ्या कागदावर ठेवून साध्या भिंगातून पाहिला तर तो चौकोनी दिसतो. कोपरे थोडे झिजलेले असतात, पण घनाचा आकार ओळखू येतो. हा आकार आतल्या रचनेतून आलेला आहे. कणात सोडिअमचे धनप्रभारित आयन (आयन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून किंवा मिळवून प्रभारित झालेला अणू) आणि क्लोरीनचे ऋणप्रभारित आयन एकाआड एक मांडलेले असतात, डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली. प्रत्येक सोडिअमला क्लोरीनचे सहा शेजारी आणि प्रत्येक क्लोरीनला सोडिअमचे सहा शेजारी. हे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर, म्हणजे ०.२८२ नॅनोमीटरवर असतात. कणाची एक कड ०.३ मिलिमीटर धरली तर त्या एका कडेवर दहा लाखांहून अधिक आयन ओळीने उभे आहेत आणि पूर्ण कणात एकावर अठरा शून्ये इतके. या मांडणीत एखाद्या सोडिअमकडे बोट दाखवून ‘याचा क्लोरीन कोणता’ असे विचारणे म्हणजे भिंतीतल्या विटेला तिची जोडीदार वीट कोणती असे विचारण्यासारखे आहे. सहांपैकी एकही अधिक जवळचा नाही. ‘एनएसीएल’ हे सूत्र आपल्याला फक्त प्रमाण सांगते, की सोडिअम जितके तितकेच क्लोरीन. ते कोणत्याही जोडप्याचे नाव नाही. म्हणून सोडिअम आणि क्लोरीन यांच्या अणुवस्तुमानांची बेरीज करून येणाऱ्या ५८.५ या आकड्याला रेणुवस्तुमान न म्हणता सूत्र वस्तुमान म्हणावे असा आग्रह आम्ही शिक्षक धरत आलो. नेमकेपणासाठी हेही सांगतो की, मीठ फार तापवून त्याची वाफ केली तर त्या वाफेत सोडिअम-क्लोरीनच्या सुट्या जोड्या खरोखर आढळतात आणि तिथे त्यांच्यातले अंतर स्फटिकातल्यापेक्षा कमी, ०.२३६ नॅनोमीटर असते. तेव्हा ते चित्र भट्टीतल्या वाफेचे म्हणून कदाचित चालून जाईल, आपल्या ताटाच्या डाव्या बाजूला वाढतात त्या मिठाचे म्हणून चालणार नाही.

या प्रश्नावर संपादकांना पत्र लिहिणारा मी पहिला नाही. विल्यम हेन्री ब्रॅग आणि विल्यम लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांच्या क्ष-किरणांच्या कामातून १९१३ मध्ये मिठाची ही रचना उलगडली आणि १९१५ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. मुलगा तेव्हा अवघा २५ वर्षांचा होता. पण रसायनशास्त्रज्ञांच्या जुन्या पिढीला रेणूविना मीठ ही कल्पना पचेना. १९२७ मध्ये, म्हणजे तब्बल चौदा वर्षांनंतर, हेन्री आर्मस्ट्राँग या ७९ वर्षांच्या नामवंत इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ‘नेचर’ या नियतकालिकाला ‘बिचारे साधे मीठ’ अशा अर्थाच्या मथळ्याचे एक संतप्त पत्र धाडले. मिठात रेणू नाहीत, फक्त बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी आहे, हे म्हणणे सामान्य बुद्धीला न पटणारे आणि मूर्खपणाचे आहे, रसायनशास्त्र म्हणजे बुद्धिबळही नव्हे आणि भूमितीही नव्हे, असा त्या पत्राचा रोख होता. मला या आर्मस्ट्राँगविषयी आदर आहे. विद्यार्थ्याला उत्तर न सांगता त्याला ते स्वतः शोधू द्यावे, ही अध्यापनपद्धती इंग्लंडमध्ये हट्टाने रुजवणारा हाच माणूस. तरीही मिठाच्या बाबतीत तो चुकला. ज्या गैरसमजापायी असा मोठा माणूस जाहीरपणे चुकला, तो आपल्या पुरवणीच्या लेखकाकडून घडला यात लाज वाटण्यासारखे काही नाही, मात्र शंभर वर्षे होत आल्यावर तरी तो दुरुस्त व्हायला हवा.

त्या हसऱ्या तोंडांबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. लेखात म्हटले आहे की, सोडिअमला आपला बाहेरचा एक इलेक्ट्रॉन नकोसा असतो, क्लोरीनला एक हवा असतो, आणि दोघांची अष्टके, म्हणजे बाहेरच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण झाली की दोघे सुखी होतात. ही गोष्ट मीही वर्गात सांगितली आहे. पहिल्या दिवशी ती सांगावी लागते. पण दुसऱ्या दिवशी आकडे मांडावे लागतात. सोडिअमच्या अणूपासून इलेक्ट्रॉन सोडवायला प्रति मोल (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक मोठी संख्या) सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च करावी लागते, आणि क्लोरीनने तो इलेक्ट्रॉन घेतल्यावर परत मिळतात फक्त ३४९ किलोज्यूल. म्हणजे देवघेवीच्या पहिल्या हिशेबात १४७ किलोज्यूलचा तोटाच आहे. सोडिअम काही उदारपणे देत नाही. तोटा भरून निघतो तो त्यानंतर, जेव्हा हे प्रभारित आयन एकमेकांना ओढून स्फटिकात रचले जातात. सुट्या आयनांपासून स्फटिक होताना प्रति मोल सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. मीठ टिकाऊ आहे ते या सामुदायिक मांडणीमुळे. दोघांच्या संसाराचे चित्र काढले की नेमका हा मुद्दा हातातून सुटतो, आणि मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअसपर्यंत का तापवावे लागते याचे उत्तर देता येत नाही.

याचा अर्थ रेणू ही कल्पनाच खोटी असा कुणी घेऊ नये. साखरेला रेणू आहे, अगदी मोजून ४५ अणूंचा: कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११. या अणूंमधले बंध सहसंयुज, म्हणजे दोन अणूंनी इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक ठेवल्याने झालेले. गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी १९१६ मध्ये ही कल्पना मांडली. हे आतले बंध मजबूत असतात, पण साखरेचा एक रेणू शेजारच्या रेणूला धरून असतो तो त्या मानाने पुष्कळच दुबळ्या ओढीने. घरी करून पाहण्यासारखा प्रयोग असा की, मोठ्यांच्या देखत एका लोखंडी कढल्यात चिमूटभर साखर आणि दुसऱ्यात चिमूटभर मीठ तापत ठेवावे. साखर काही मिनिटांत विरघळल्यासारखी होऊन पिवळी, मग तपकिरी आणि शेवटी काळी पडेल. मीठ तिथे ढिम्म बसून राहील. फार तर ते तडतडेल, आणि ही तडतड आपल्या ओळखीची आहे. दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या विस्तवात टाकल्या की आवाज होतो त्यात मोहरीबरोबर मिठाचाही वाटा असतो. स्फटिक तयार होताना त्याच्या पोकळ्यांत अडकलेल्या किंचित पाण्याची वाफ होते आणि ती स्फटिकाला फोडून बाहेर येते. दृष्ट किती लागली होती हे त्या आवाजावरून ठरवणाऱ्या माझ्या आजीला मी हे कधी सांगितले नाही.

पाण्याचे रेणूही असेच सुटे, आणि हायड्रोजन सल्फाइडच्या रेणूपेक्षा पुष्कळ हलके. तो सडक्या अंड्याच्या वासाचा वायू उणे ६० अंशांनाच उकळतो, तेव्हा नुसत्या वजनाकडे पाहिले तर पाणी याहूनही कमी तापमानाला उकळायला हवे होते. ते १०० अंशांपर्यंत थांबते, कारण त्याच्या रेणूंमध्ये हायड्रोजन बंधांची, म्हणजे एका रेणूतल्या हायड्रोजनला शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे असलेल्या ओढीची, एक जादा पकड असते. उन्हाळ्यात माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी उडून जाताना हीच पकड सोडवावी लागते, त्यासाठी लागणारी उष्णता मागे राहिलेल्या पाण्याकडून घेतली जाते आणि माठ गार होतो. पाण्याबद्दल आपल्या लेखात पुष्कळ व बरोबर आले आहे, म्हणून अधिक लिहीत नाही.

त्या लेखाने एक फार चांगले उदाहरण मात्र हातचे घालवले. आवर्तसारणीत कार्बनच्या लगेच खाली सिलिकॉन येते. दोघांनाही चार बंध करता येतात आणि दोघेही दोन ऑक्सिजनच्या प्रमाणात संयुग बनवतात. एका संयुगाचे नाव कार्बन डायऑक्साइड, आपण श्वासातून सोडतो तो वायू. दुसऱ्याचे नाव सिलिकॉन डायऑक्साइड, म्हणजे वाळूतली गारगोटी. सूत्रे पाहिली तर ती सख्खी भावंडे वाटतात. फरक असा की, कार्बन दोन ऑक्सिजनांशी दुहेरी बंध करून मोकळा होतो, त्यामुळे तीन अणूंचा सुटा रेणू तयार होतो आणि असे सुटे रेणू घट्ट धरून ठेवणारे काही नसल्याने ते वायुरूपात हिंडतात. गोठवून बर्फ केला तरी तो उणे ७८.५ अंशांना पुन्हा थेट वायू होतो. सिलिकॉनला असे दुहेरी बंध सोयीचे पडत नाहीत. तो चार ऑक्सिजनांशी चार एकेरी बंध करतो, त्यातला प्रत्येक ऑक्सिजन पुढच्या सिलिकॉनला धरतो, तो आणखी तिघांना, आणि हे जाळे खड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड चालते. त्यामुळे गारगोटी वितळवायला १६०० अंशांच्याही वर जावे लागते. तिला रेणू म्हणायचेच झाले तर अख्खा खडा हाच एक रेणू म्हणावा लागेल. हिऱ्याचेही तसेच. या कथेला एक पुरवणी आहे: १९९९ मध्ये प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइडवर वातावरणाच्या सुमारे चार लाख पट दाब देऊन तो तापवला, तेव्हा त्यानेही सुटे रेणू मोडून गारगोटीसारखे जाळे धरले. पदार्थ तोच, अणूंचे प्रमाण तेच, बंधांची ठेवण बदलली आणि वायूचा दगड झाला.

शिसपेन्सिलीतही हाच कार्बन असतो. नावात शिसे असले तरी तिच्यात शिसे नाही, ग्रॅफाइट आहे, म्हणजे थरांवर थर रचलेला कार्बन. थराच्या आत कार्बन-कार्बन अंतर ०.१४२ नॅनोमीटर आणि दोन थरांमध्ये ०.३३५ नॅनोमीटर, म्हणून थर सुटून कागदावर उतरतात.

महाराष्ट्रातल्या मुलांना सिलिकॉन-ऑक्सिजनच्या जाळ्यासाठी लांब पाहायची गरजच नाही, कारण सह्याद्रीचा काळा कातळ त्याच दोघांच्या साखळ्यांनी आणि चौकटींनी बांधलेला आहे. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतल्या खाणींत हा खडक फोडताना त्याच्या पोकळ्यांत पांढरे, फिकट गुलाबी, कधी हिरवट असे देखणे स्फटिक निघतात. त्यांतले पुष्कळसे झिओलाइट गटातले असतात. या गटात काही सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनिअम बसलेले असते आणि सगळी चौकट पिंजऱ्यासारखी पोकळ असते. पिंजऱ्यात पाणी आणि सोडिअम, कॅल्शिअम यांसारखे आयन मुक्कामाला असतात. तापवले की पाणी फसफसून निघते, चौकट मात्र उभी राहते. स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये हे पाहून त्याला ग्रीक भाषेतून ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचे नाव दिले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतले गर्द निळे कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. एका डोंगराच्या पोटात सुटे पाण्याचे रेणू, आयन आणि सहसंयुज चौकट असे तिन्ही प्रकार एकाच स्फटिकात नांदताना दाखवता आले असते.

धातूंना आपल्या लेखात दीड ओळ मिळाली आहे, आणि तीही ‘लोखंडाचे रेणू’ अशी. धातूत रेणू नसतात. अणूंचे गाभे ओळीने रचलेले असतात आणि त्यांचे बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एकाच्या मालकीचे न राहता सगळ्या तुकड्यात वावरतात. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत काही वर्षांपूर्वीपर्यंत सकाळपासून हातोड्यांचा ठेका ऐकू येई, आणि आजही तिथे तांब्याच्या घागरीवर, बंबावर शेजारी शेजारी बारीक ठोके देऊन मठारकाम करणारे कारागीर आहेत. तांब्याचा पत्रा त्या ठोक्यांनी दबतो, पसरतो, वळतो, पण फुटत नाही, कारण अणूंचे थर एकमेकांवरून सरकले तरी त्यांना धरणारे इलेक्ट्रॉन सगळीकडे सारखेच असतात. तोच ठोका खलबत्त्यात खड्याच्या मिठाला द्या. थर एका आयनाइतका सरकतो, सोडिअमसमोर सोडिअम आणि क्लोरीनसमोर क्लोरीन येतो, सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात आणि खडा सपाट पृष्ठांवर दुभंगतो. तांबटाला ठाऊक असलेली आणखी एक गोष्ट अशी की, ठोकत राहिले की तांबे कडक होत जाते आणि मग ते भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करावे लागते. सरकणाऱ्या थरांत पडलेले गुंते त्या उष्णतेने सुटतात.

माझ्या लहानपणी साताऱ्यात आमच्या वाड्याच्या दारात वर्षातून दोनदा कल्हईवाला बसे. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, भात्याची नळी मातीखालून आत. तो पितळी पातेले वाळूने घासून निखाऱ्यावर फिरवायचा, ते पुरेसे तापले की चिमटीने नवसागराची पूड आत टाकायचा, आणि पांढऱ्या धुराचा लोट उठून आम्हा मुलांच्या नाकात तो झोंबरा वास जायचा. लगेच कथलाची कांडी पातेल्याच्या बुडाला टेकवायची, ते वितळून पाऱ्यासारखे चमकले की कापसाच्या बोळ्याने चारी बाजूंना फिरवायचे, आणि मग पातेले चर्रकन पाण्यात. एवढ्या पाच मिनिटांत रसायनशास्त्राचे अर्धे पुस्तक होऊन जाई. नवसागर म्हणजे अमोनिअम क्लोराइड. अमोनिअमच्या आत नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यात सहसंयुज बंध, आणि अमोनिअम व क्लोराइड यांच्यात मिठासारखा आयनिक बंध. तापल्या पितळेवर त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. त्यातला हायड्रोजन क्लोराइड पितळेवरचा काळपट ऑक्साइडचा थर खाऊन खालचा धातू उघडा करतो. उरलेले दोन्ही वायू वर थंड हवेत भेटले की पुन्हा नवसागराचे बारीक कण होतात. तोच तो पांढरा धूर. कथील २३२ अंशांना वितळते, स्वच्छ धातूवर पसरते आणि पितळेतल्या तांब्याशी सांधा करताना सहा अणू तांब्याला पाच अणू कथील अशा प्रमाणाचे एक पातळ अस्तर तयार करते. संयुजेच्या, म्हणजे कोणता अणू किती बंध करतो याच्या, कोणत्याही पाढ्यात हे सहास पाच बसत नाही. धातूंच्या आपसातल्या संयुगांना तो पाढा लागूच पडत नाही, म्हणून आम्ही तो प्रश्न परीक्षेत कधी विचारला नाही; विचारायला हवा होता असे आता वाटते.

एक शेवटची दुरुस्ती, पण ती किरकोळ नव्हे. लेखाच्या अखेरीस असे वाक्य आहे की, ‘रेणूंतील बंधांमध्ये ऊर्जा साठवलेली असते व बंध तुटले की ती बाहेर पडते, म्हणून गॅस जळतो’. हे अगदी उलटे आहे. बंध तोडायला नेहमी ऊर्जा घालावी लागते. बंध जुळताना ती बाहेर पडते. हायड्रोजन जळण्याचा हिशेब बोटांवर करता येतो. दोन मोल हायड्रोजनचे बंध तोडायला प्रत्येकी ४३६ असे ८७२ किलोज्यूल, एक मोल ऑक्सिजनचा बंध तोडायला ४९८, एकूण खर्च १३७० किलोज्यूल. त्यातून पाण्याच्या वाफेचे दोन मोल तयार होताना ऑक्सिजन-हायड्रोजनचे चार बंध जुळतात, प्रत्येकी सुमारे ४६३ प्रमाणे जमा १८५२ किलोज्यूल. शिल्लक ४८२. आपल्याला मिळणारी ज्योत ही त्या शिलकेची असते. शेगडी पेटवायला ठिणगी का लागते, हेही या हिशेबावरूनच समजते: खर्चाची पहिली रक्कम कुणीतरी आधी टाकावी लागते. बंधात ऊर्जा साठवलेली असते हे वाक्य जीवशास्त्राच्या पुस्तकांतून इतके रुजले आहे की, बारावीच्या वर्गात ते उपटायला मला दरवर्षी दोन तासिका लागत.

माझी मागणी मोजकी आहे. पुढच्या पुरवणीत, शक्यतो त्याच जागी आणि त्याच आकाराच्या चौकटीत, तीन दुरुस्त्या छापाव्यात: पाण्याचा रेणू म्हणावे, अणू नव्हे, ‘प्रत्येक पदार्थ रेणूंचा बनतो’ याऐवजी काही पदार्थ रेणूंचे, काही आयनांचे, काही अणूंच्या अखंड जाळ्याचे आणि धातू सामाईक इलेक्ट्रॉनांनी बांधलेल्या अणूंचे असतात असे म्हणावे, आणि बंध तुटताना ऊर्जा लागते, जुळताना मिळते, हे स्पष्ट लिहावे. हसऱ्या गोळ्यांच्या चित्राऐवजी वापरता येईल असे मिठाच्या स्फटिकाचे एक हाताने काढलेले चित्र सोबत जोडले आहे. त्यात मधल्या सोडिअमभोवती सहा क्लोरीन दाखवले आहेत. कागद सपाट असल्याने पुढचा आणि मागचा क्लोरीन तुटक रेषेने काढावा लागला. आपल्या चित्रकारांना ते अधिक चांगले जमेल, फक्त त्यांनी सहाच्या सहा काढावेत, जागेअभावी चारवर थांबू नये.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, सातारा